धोका कमी झाला तरी कामांची वाटणी तशीच का राहते?

कोणतं काम बायकांचं आणि कोणतं पुरुषांचं हे कोणी ठरवलं असं विचारलं की बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात, एकतर "निसर्गानेच तसं केलंय" नाहीतर "समाजाने लादलंय". दोन्हीत थोडं थोडं खरं आहे, पण मधली एक मोठी गोष्ट दोन्हीकडून सुटते, ती म्हणजे धोका. पूर्वी जगणंच जोखमीचं होतं, बाळंतपणात जीव जायचा, खाणीत जायचा, समुद्रात जायचा, लढाईत जायचा, आणि कोणी कोणती जोखीम उचलायची याची जी वाटणी पडत गेली तिलाच लोक पुढे बाईपण आणि पुरुषपण म्हणायला लागले. गेल्या दीड-दोनशे वर्षांत औषधं, यंत्रं आणि सुरक्षेचे नियम यांनी यातला बराच धोका काढून टाकला. मग वाटणीही बदलायला हवी ना? बदलली, पण सगळीकडे नाही, आणि आपोआप तर अजिबात नाही.

आधी नांगराचं उदाहरण बघू, कारण त्यात ही अडचण सगळ्यात स्वच्छ दिसते. एस्टर बोसरुप नावाच्या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७० साली मांडलं की जिथे शेती कुदळीने व्हायची तिथे बायका शेतात पुरुषांच्या बरोबरीने असायच्या आणि जिथे नांगर आला तिथे शेत पुरुषांकडे गेलं. कारण साधं आहे, नांगर दाबून धरायला आणि जनावर आवरायला खांद्यात जोर लागतो, शिवाय तान्हं मूल जवळ ठेवून ते काम करणं धोक्याचं. इथपर्यंत ठीक आहे. पण २०१३ मध्ये अलेसिना, जुलियानो आणि नन या तिघा अभ्यासकांनी आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं की ज्या समाजांचे पूर्वज नांगराने शेती करायचे तिथे आजही नोकरी-धंद्यात आणि राजकारणात बायका कमी आहेत, आणि ज्यांचे आईवडील अशा समाजातून दुसऱ्या देशात येऊन राहिले त्या मुलांमध्येसुद्धा हा फरक सापडतो. म्हणजे अवजार गेलं, शेत गेलं, देश बदलला, तरी वाटणी टिकली. हे लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच गोष्टींत हेच होतं, वाटणीमागचं कारण आधी जातं आणि सवय मागे राहते.

आता सगळ्यात मोठा बदल, बाळंतपण. माझ्या मते स्त्री-पुरुषांच्या भूमिका जगभर सगळ्यात जास्त कशाने बदलल्या असतील तर मोबाईलने नाही, कॉम्प्युटरने नाही, बाळंतपण सुरक्षित झाल्याने. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते, एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. डॉक्टरांच्या वॉर्डात १८४६ साली शंभरातल्या अकरा बायका दगावल्या, सुइणींच्या वॉर्डात तीनच्या आसपास. शहरातल्या बायकांना हे माहीत होतं, त्या पहिल्या वॉर्डात घालू नका म्हणून अक्षरशः हातापाया पडायच्या. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर यावर डोकं खाजवत होता, आणि १८४७ मध्ये त्याच्या ओळखीच्या एका डॉक्टरला शवविच्छेदन करताना सुरी लागली आणि तो बाळंतिणींना यायचा तसल्याच तापाने गेला, तेव्हा सेमेलवाइसला कळलं की विद्यार्थी मृतदेह हाताळून तसेच बाळंतिणींकडे जातायत. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि पुढच्या वर्षी मृत्यू शंभरात एक-सव्वा एकवर आले! एवढं होऊनही त्या काळच्या बड्या डॉक्टरांनी ते मान्य करायला वर्षानुवर्षं घेतली.

खरा मोठा फरक पडला तो पुढच्या शतकात, १९३० च्या दशकात जंतुसंसर्गावरची सल्फा औषधं आली, १९४० च्या दशकात पेनिसिलीन आलं, रक्त देण्याची सोय झाली. अमेरिकेत १९३० च्या आसपास दर एक लाख जन्मांमागे सहाशेहून जास्त आया दगावायच्या, १९६० पर्यंत हा आकडा चाळीसच्या खाली आला. फक्त तीस वर्षांत. आणि मरणाऱ्यांचा आकडा हा वरचा थर झाला, ज्या वाचायच्या त्यातल्या कितीतरी जणी पुढे वर्षानुवर्षं दुखणी घेऊन जगायच्या, कामाला बाहेर पडणं तर सोडाच. त्यात मुलंही जगायची नाहीत. १८०० च्या सुमाराला जगात जन्मलेल्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं पाच वर्षांची व्हायच्या आधी जायची, आज हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास आहे. दोन मुलं मोठी व्हावीत म्हणून सहा-सात जन्माला घालायची वेळ ज्या बाईवर येते तिचं सगळं तरुणपण त्यातच जातं, मग "बाईची जागा घरात" हे वेगळं सांगावंच लागत नाही. मुलं जगायला लागली तशी बायकांच्या वाट्याला आयुष्याची मोकळी वर्षं आली, आणि १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मंजुरी मिळाल्यावर ती वर्षं कशी वापरायची याचा आधीपासून विचार करता यायला लागला. क्लॉडिया गोल्डिन, ज्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी लॉरेन्स कॅट्झ यांच्यासोबत दाखवलं की गोळी मिळायला लागल्यावर अमेरिकेत मुलींनी लग्न पुढे ढकललं आणि वकिली, डॉक्टरकी असले लांबलचक अभ्यासक्रम निवडले. मध्येच सगळं सोडावं लागेल ही टांगती तलवार नसली की माणूस लांबचा विचार करतो, पुरुष तो आधीपासून करतच होते.

पण हे सगळीकडे सारखं झालेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात साधारण २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या, त्यातल्या बहुतेक गरीब देशांत, आणि बहुतेक अशा कारणांनी ज्यांवर औषध दशकानुदशकं उपलब्ध आहे. तेव्हा "अमुक समाज अजून मागासलेल्या विचारांचा आहे" असं म्हणायच्या आधी तिथल्या बाईला बाळंतपणात रक्त मिळतं का हे विचारायला पाहिजे असं मला फार वाटतं.

घरातली यंत्रं हा पुढचा मुद्दा आणि इथे बऱ्याच लोकांची समजूत थोडी चुकते. वॉशिंग मशीन, गॅस, नळाचं पाणी आलं आणि बाई मोकळी झाली असं सर्रास म्हटलं जातं. अंगमेहनत कमी झाली हे शंभर टक्के खरं, पाणी वाहून आणून ते तापवून कपडे घासणं हे हाडं झिजवणारं काम होतं. पण वेळेचं काय? जोअन व्हानेक यांनी १९७४ मध्ये हिशोब मांडला की अमेरिकेत नोकरी न करणारी गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला साधारण ५२ तास घरकाम करायची आणि १९६० च्या दशकात ५५ तास, म्हणजे यंत्रं आल्यावर तास कमी झालेच नाहीत. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी याचं कारण सांगितलं ते मला पटतं, कपडे धुणं सोपं झालं म्हणून ते जास्त वेळा धुतले जायला लागले, घर जास्त चकाचक असावं अशी अपेक्षा वाढली, आणि जी कामं पूर्वी पुरुष, मुलं किंवा बाहेरचे कामगार करायचे, लाकडं फोडणं वगैरे, ती यंत्राने संपवली पण बाईची कामं तिच्याकडेच राहिली. म्हणजे पुरुष मोकळे झाले आधी. मशीन कष्ट वाचवतं, ते कष्ट कोणाचे होते आणि वाचलेला वेळ कोणाला मिळाला हा हिशोब मात्र घरातल्या माणसांनाच करावा लागतो.

बाहेर फिरण्याचं बघा. १८८५ च्या सुमाराला दोन सारख्या चाकांची, बुटकी, चेनवाली सायकल आली, तोपर्यंतची उंच चाकाची सायकल तोंडावर पाडायची आणि ती धाडसी तरुण पुरुषांचा खेळ होती. नवीन सायकल सुरक्षित होती म्हणून बायकाही तिच्यावर बसल्या आणि दहा वर्षांत युरोप-अमेरिकेत बायकांचे कपडे, एकटीने बाहेर जाणं, सोबत कोण पाहिजे, सगळ्यावरून वाद सुरू झाले. गाडीचं पण तेच. सुरुवातीच्या पेट्रोल गाड्या पुढून हँडल फिरवून चालू कराव्या लागायच्या, हँडल उलट मारलं तर हात मोडायचा, म्हणून पेट्रोल गाडी पुरुषाची आणि बायकांना शांत, बटणावर चालू होणारी इलेक्ट्रिक गाडी असं जाहिरातींतूनच ठरलेलं होतं. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला आणि हा फरक करायचं कारणच संपलं. गंमत म्हणजे त्या स्टार्टरने पुरुषांचेही हात वाचले, पण "पुरुषांसाठी सोय" असं त्याला कोणी म्हटलं नाही.

आता पुरुषांकडे वळू, कारण या विषयावर लिहिताना पुरुष बहुतेक वेळा राहूनच जातात. अमेरिकेत कामावर होणाऱ्या मृत्यूंमध्ये ९० टक्क्यांहून जास्त पुरुष असतात. बांधकाम, मासेमारी, जंगलतोड, ट्रक, खाण, ही कामं पुरुषांची आणि धोका पत्करणं हेच पुरुषाचं लक्षण अशी शिकवण. हेल्मेट घातलं की भित्रा, मदत मागितली की कच्चा, घाबरलो म्हणालो तर संपलंच. ही शिकवण माणसं मारते, अगदी थेट.

रॉबिन इली आणि डेब्रा मायरसन या दोन संशोधक बाई समुद्रातल्या तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मवर गेल्या, तिथे राहून त्यांनी कामगारांचं निरीक्षण केलं. असल्या प्लॅटफॉर्मवर काम म्हणजे स्फोटक वायू, उंचावरचं जड लोखंड आणि आजूबाजूला नुसतं पाणी, आणि पूर्वीचं वातावरण असं की जो सगळ्यात आडदांड, सगळ्यात जोरात ओरडणारा, तो पुढारी. त्या कंपनीने सुरक्षेला पहिलं स्थान द्यायचं ठरवलं आणि कामाच्या पद्धती बदलल्या, चूक झाली तर लपवायची नाही, सगळ्यांसमोर सांगायची, येत नसेल तर विचारायचं, घरी काही बिनसलं असेल आणि डोकं ठिकाणावर नसेल तर तेही बोलायचं कारण त्या दिवशी त्याला जड काम देणं धोक्याचं. धिप्पाड, वर्षानुवर्षं तेलात काम केलेली माणसं एकमेकांना "आज माझं लक्ष लागत नाहीये" असं सांगायला लागली. साधारण पंधरा वर्षांच्या काळात कंपनीचं अपघाताचं प्रमाण ८४ टक्क्यांनी खाली आलं, आणि उत्पादनही वाढलं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे कोणी पुरुषांना "बदला" म्हणून लेक्चर दिलं नव्हतं, तिथे फक्त माणसं मरू नयेत एवढं ठरवलं होतं आणि त्यासाठी मर्दानगीचं प्रदर्शन थांबवावं लागलं, ते थांबल्यावर त्यांचं काहीच बिघडलं नाही. उलट जिवंत राहिले.

म्हणजे सुरक्षा आली की भूमिका सैल होतात, ठीक. पण एक प्रश्न राहतो, सुरक्षित कोणासाठी? कारच्या अपघात-चाचणीत जो पुतळा बसवतात त्यातला सगळ्यात जास्त वापरला गेलेला हायब्रिड थ्री, तो १९७६ मध्ये आला, उंची साधारण १७५ सेंटीमीटर, वजन ७८ किलो, म्हणजे तेव्हाचा सरासरी अमेरिकन पुरुष. बाईचा म्हणून जो पुतळा बरीच वर्षं वापरला गेला तो मुळात पुरुषाचाच लहान केलेला, दीड मीटरच्या आसपास उंच आणि ४९ किलोचा, म्हणजे अगदी लहान चणीची बाई. पण बाई म्हणजे लहान आकाराचा पुरुष नसते, तिच्या कमरेच्या हाडांची ठेवण वेगळी, मानेचे स्नायू वेगळे, स्टिअरिंगपासूनचं अंतर वेगळं. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात दिसलं की सारख्याच अपघातात, पट्टा लावलेला असताना, बाई ड्रायव्हरला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्के जास्त होती. यातला काही भाग बायका हलक्या, लहान गाड्या जास्त चालवतात म्हणूनही असतो, आणि नवीन गाड्यांमध्ये फरक कमी होतोय, हेही नंतरच्या अभ्यासांत आलंय. तरीसुद्धा सरासरी बाईच्या शरीराचा, १६२ सेंटीमीटर आणि ६२ किलोचा, मागून धडक बसल्यावर मानेचं काय होतं हे तपासणारा पुतळा स्वीडनच्या अॅस्ट्रिड लिंडर यांच्या टीमने लोकांसमोर आणला तो २०२२ मध्ये. तीन ठिकाणी अडकवायचा सीटबेल्ट १९५९ चा आहे, हिशोब करा मधे किती वर्षं गेली.

असंच अंतराळात झालं. मार्च २०१९ मध्ये दोन बायका मिळून स्पेसवॉक करणार होत्या, म्हणजे अंतराळ स्थानकाबाहेर जाऊन काम, पण सूटचा मीडियम मापाचा वरचा भाग स्थानकावर वापरायला तयार असा एकच होता, म्हणून एकीच्या जागी पुरुष गेला. ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कोक आणि जेसिका मीर गेल्या तेव्हा ते पहिल्यांदा घडलं. बाईला ते काम जमत होतं, तिच्या मापाचा सूट तयार नव्हता. हातमोजे, सेफ्टी शूज, मास्क, हार्नेस यांच्याबाबतीत जगभर रोज हेच होतं, आणि सैल हार्नेस घालून उंचावर चढणारी बाई "घाबरत काम करते" असं कोणी म्हटलं तर चूक कोणाची?

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे सुरक्षेच्या नावाने दार बंद करणं. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने बायका आणि मुलींना जमिनीखालच्या खाणकामातून बाहेर काढलं, तिथली परिस्थिती भयानक होती हे खरंच, पण खाण सुरक्षित करण्याऐवजी बाईला काढणं स्वस्त पडतं. रशियात बायकांना बंदी असलेल्या कामांची यादी ४५६ ची होती, ती २०२१ पासून शंभराच्या आसपास आणली. आणि अमेरिकेतली जॉन्सन कंट्रोल्सची केस तर प्रत्येकाने वाचावी अशी आहे. बॅटरी बनवताना शिसं अंगात जातं, गर्भाला त्याचा धोका, म्हणून कंपनीने १९८२ मध्ये नियम केला की मूल होऊ शकेल अशी कोणतीच बाई त्या कामावर नको. नोकरी जाऊ नये म्हणून एका बाईने स्वतःचं मूल न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं. आणि त्याच खटल्यात एक पुरुष कामगारही होता, त्याला बाप व्हायचं होतं म्हणून अंगातलं शिसं कमी होईपर्यंत त्याने रजा मागितली होती, ती नाकारली! शिसं पुरुषाच्या शरीरालाही बाधतं, पण नियम बनवणाऱ्यांच्या डोक्यात मूल म्हणजे बाई एवढंच होतं. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीचा नियम बेकायदा ठरवला. बाईला जपण्याच्या नावाखाली बाईची नोकरी गेली आणि पुरुषाचा जीव मोजलाच नाही, दोघांचं नुकसान एकाच समजुतीने झालं.

आजच्या टेक्नॉलॉजीत हेच वेगळ्या रूपात येतं. लोकेशन शेअर करणं, एसओएस बटण, गाडीचा नंबर घरी पाठवणं, यांनी बायका रात्री-अपरात्री एकट्या प्रवास करायला लागल्या, हे मोठं स्वातंत्र्य आहे आणि मी ते अजिबात कमी लेखणार नाही. पण बघा, ही सगळी साधनं काम कोणाला लावतात? बॅटरी चार्ज ठेवायची तिने, लोकेशन चालू करायचं तिने, पोचले म्हणून मेसेज टाकायचा तिने, आणि विसरली तर दोषही तिचाच. रस्त्यावरचे दिवे, रात्रीची बस, वेळेवर येणारी पोलीस मदत ही पण सुरक्षाच आहे, फरक इतकाच की तिचं ओझं एका बाईच्या पर्समध्ये नसतं. आणि जे लोकेशन काळजीने बघता येतं ते संशयानेही बघता येतं. २०२१ मध्ये अॅपलचे एअरटॅग नावाचे छोटे ट्रॅकर हरवलेल्या किल्ल्या शोधायला म्हणून आले आणि काही लोकांनी ते दुसऱ्यांच्या गाडीत, बॅगेत लपवून पाळत ठेवायला सुरुवात केली, शेवटी मे २०२४ मध्ये अॅपल आणि गुगलने मिळून अनोळखी ट्रॅकर सोबत फिरतोय असा इशारा दोन्ही प्रकारच्या फोनवर द्यायची सोय आणली. हा वापर होऊ शकतो हे ज्यांच्यावर पाळत ठेवली जाते त्यांना आधी विचारलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं.

आता उरलं ते सगळ्यात चिवट काम, सांभाळण्याचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी घरकाम आणि देखभालीच्या तासांपैकी ७६ टक्के बायका करतात, दिवसाला साधारण ४ तास २५ मिनिटं, पुरुष १ तास २३ मिनिटं. बाटलीने दूध पाजता येतं, दूध काढून ठेवता येतं, म्हणजे रात्री बाळाला पाजायला आईच उठली पाहिजे हे शरीराचं कारण बऱ्याच घरांत संपलेलं आहे. नांगराचं झालं तेच इथे होतंय. यंत्राने हातातलं काम घेतलं पण लक्षात ठेवण्याचं काम तसंच राहिलं, लस कधी, औषध संपलं का, शाळेची फी भरली का, आणि मुलांची अॅप्ससुद्धा ज्याने पहिल्यांदा नाव नोंदवलं त्याच्याच फोनवर सगळ्या सूचना पाठवत बसतात, तो फोन बहुतेक घरांत आईचा. दुसरा नंबर जोडायची सोय बऱ्याच ठिकाणी सेटिंगमध्ये असते, ती चालू केली की शाळेचा मेसेज आणि डॉक्टरच्या तारखेची आठवण बापाच्या फोनवरही येते, आणि मग "मला माहीतच नव्हतं" हे त्याला म्हणता येत नाही, कोण जाणार हे दोघांना बोलूनच ठरवावं लागतं.